लेकरू घरी आणल्यावर

"आता घरी न्या, सेवा करा." मुंबईच्या टाटा रुग्णालयात, इथल्या घाटी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी एवढं सांगितलं, की आई-बापांच्या कानात पुढचं काही शिरत नाही. देवगिरी एक्स्प्रेसच्या बर्थवर लेकराला कुशीत घेऊन रात्र काढायची, पहाटे छत्रपती संभाजीनगरला उतरायचं आणि तिथून सिल्लोड, कन्नड नाहीतर पैठणची गाडी धरायची. घरी पोचल्यावर प्रश्न सुरू होतात. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं? दुखायला लागलं तर कुणाला विचारायचं? रात्री दोन वाजता आकडी आली तर? आणि हे सगळं करणारी आई स्वतः कधी झोपणार? गंभीर आजारी मूल ज्या घरात आहे, त्या घरातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या आजूबाजूच्या माणसांसाठी हे लिहितो आहे.

उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हटलं, की बहुतेकांना शेवटचे आठ-पंधरा दिवस आठवतात. मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने ही कल्पना फार पूर्वीच मोडीत काढली आहे. आजाराचं निदान झालं त्या दिवसापासून ही सेवा सुरू व्हावी आणि आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालू राहावी, असं संघटना सांगते. केमोथेरपी चालू असतानाही ती घेता येते. शिवाय ती फक्त कॅन्सरच्या मुलांसाठी नाही. गंभीर सेरेब्रल पाल्सी, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हृदयाचे मोठे जन्मजात दोष, किडनीचे आजार, चयापचयाचे दुर्मीळ आजार असे आजार असलेली किती तरी मुलं यात येतात आणि त्यातली काही वर्षानुवर्षं आपल्यात असतात. जगात ज्या मुलांना या सेवेची गरज आहे त्यांपैकी 98 टक्के मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः आपल्यासारख्यांच्या घरांचा आहे.

म्हणून पहिला सल्ला असा, की "आता काही उरलं नाही" असं कुणी म्हणेपर्यंत थांबू नका. पुढच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना सरळ विचारा, "त्रास कमी करण्यासाठी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना दाखवता येईल का?" या प्रश्नाने कुणी तुमच्यावर उपचार सोडल्याचा शिक्का मारत नाही, मारू देऊही नका.

अशी सेवा राहून घेण्याचं ठिकाण म्हणजे हॉस्पिस. मुलांचं जगातलं पहिलं हॉस्पिस 1982 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला सुरू झालं, हेलन हाउस. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी ते उभं केलं, त्यामागचा विचार फार साधा होता. आजारी मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी अधूनमधून काही दिवस तिथे येऊन राहावं, रात्रीचं जागरण दुसऱ्या कुणी करावं, आई-बापांनी झोपावं आणि ताजंतवानं होऊन घरी जावं. आपल्याकडे भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला निघालं. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, त्याला काळजी कशी घ्यायची ते शिकवलं जातं आणि पैसे घेतले जात नाहीत. मुलांसाठी म्हणून मुंबईत 2014 पासून हॅपी फीट होम चालतं. 2010 च्या सुमारास महाराष्ट्रात मुलांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प झाला. त्यात मुंबईच्या सायन रुग्णालयासोबत जव्हारसारखा आदिवासी भागही निवडला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ही सेवा मोठ्या शहरापुरती ठेवण्याची चीज नव्हे, हे तिथे कुणीतरी ओळखलं होतं.

पण आपल्याला पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मुंबई त्याहून लांब. तेव्हा हॉस्पिसमध्ये जे मिळतं, त्यातलं शक्य तेवढं घरातच उभं करावं लागतं. त्यातल्या दोन गोष्टींना मी सगळ्यात वर ठेवतो. लेकराचं दुखणं थांबवणं ही एक आणि सांभाळणाऱ्याला विसावा देणं ही दुसरी.

दुखण्याविषयी आधी. मूल रडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं समजू नका. फार दिवस दुखत असलेलं मूल शांत पडून राहतं, खेळत नाही, कुणाशी बोलत नाही, कूस बदलू देत नाही. बोलणारं मूल असेल तर त्याला हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे चेहरे काढून दाखवा आणि "तुझा आज कोणता?" असं विचारा. न बोलणाऱ्या मुलाकडे पाहताना डॉक्टर पाच गोष्टी बघतात. चेहरा आक्रसलेला आहे का, पाय पोटाशी घेतलेत किंवा झाडतोय का, अंग ताठ किंवा अस्वस्थ आहे का, रडणं-कण्हणं कसं आहे आणि जवळ घेतल्यावर शांत होतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. एका वहीत सकाळ-संध्याकाळ हे आकडे लिहून ठेवा. "फार त्रास होतो हो" यापेक्षा "काल तीन होते, आज आठ आहेत" हे ऐकल्यावर डॉक्टरांना औषध ठरवणं सोपं जातं.

मुलांच्या दीर्घ दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये दोन पायऱ्या सांगितल्या. कमी दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, मध्यम किंवा तीव्र असेल तर मॉर्फिन. मॉर्फिनचं नाव काढलं की घर हादरतं. "सवय लागेल", "आता शेवटच आला". मी हे पुन्हा पुन्हा सांगेन, की दुखण्यासाठी, वजनाप्रमाणे मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत तोंडाने दिलेलं मॉर्फिन हे मुलांसाठी योग्य औषध आहे. ते मुलाला मारत नाही, दुखणं कमी करून त्याला खेळू आणि झोपू देतं. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखायची वाट पाहायची नाही. साधं मॉर्फिन सहसा दर चार तासांनी द्यावं लागतं, मधेच दुखलं तर जादा डोस किती आणि कधी ते आधीच लिहून घ्यायचं. या औषधाने शी घट्ट होते, म्हणून शी मऊ करणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. सुरुवातीला दोन-तीन दिवस गुंगी येते, मग कमी होते. मूल हलवूनही जागं होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना फोन करा. औषध एकदम बंद करू नका, ते हळूहळू कमी करतात. आणि बाटली कुलपात ठेवा, घरात दुसरी लेकरं असतात.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 2014 मध्ये बदल झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. आपल्या शहरात चौकशी सुरू करायची ती आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, म्हणजे आताच्या राज्य कर्करोग संस्थेत. ते 2012 मध्ये सुरू झालं आणि टाटा रुग्णालयाशी जोडलेलं आहे. मुंबईच्या बऱ्याच चकरा त्यामुळे वाचू शकतात. आजार कॅन्सरचा नसेल तर घाटीचा बालरोग विभाग आणि चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात, ही ठिकाणं आहेत. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम 2012 पासून आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात त्याविषयी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर 'साथ-साथ' ही उपशामक सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 1800 202 7777. फोनला पैसे पडत नाहीत.

एक धोक्याची सूचना. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांत प्लेटलेट अनेकदा कमी असतात. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नेऊन तापासाठी किंवा दुखण्यासाठी कमरेत इंजेक्शन टोचून घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन तर देऊच नका. त्याने रक्तस्राव वाढतो.

आता विसाव्याचं. आपल्याकडे आजारी मूल बहुतेक वेळा एकट्या आईच्या अंगावर पडतं. बाप वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये, सासू गुडघ्याने बेजार, धाकटं शाळेत. दोन-दोन वर्षं सलग झोप न मिळालेल्या बायका या शहरात आहेत आणि त्यांना कुणी "तुम्ही कशा आहात?" असं विचारत नाही. आईची झोप हा उपचाराचाच भाग आहे, असं मला ठामपणे वाटतं. थकलेल्या हाताने औषधाचा डोस चुकतो, नळीतून दूध घाईत ढकललं जातं, पाठ गेल्यावर मुलाला उचलणारं कुणी उरत नाही.

विसावा आपोआप मिळत नाही, तो ठरवावा लागतो. घरातल्या किंवा नात्यातल्या दोन माणसांची निवड करा. मावशी, मामा, आत्या, काका, शेजारची ताई, कुणीही चालेल, फक्त ते नेमाने येणारं हवं. त्यांना आईच्या समोर सगळं करायला लावा. नाकातल्या नळीतून दूध कसं द्यायचं, आधी नळी जागेवर आहे का ते कसं बघायचं, कूस कशी बदलायची, सक्शन मशीन कसं लावायचं. हात बसेपर्यंत आईने शेजारी उभं राहावं, पण हात लावू नये. मग एक दिवस आईने शेजारच्या खोलीत जाऊन झोपावं. ते जमलं, की पुढच्या खेपेला घराबाहेर पडावं. आठवड्यातून एकदा चार तास, ठरलेल्या वारी, एवढं तरी मिळालंच पाहिजे. या चार तासांत आईने घरकाम उरकायचं नाही. झोपावं, माहेरी जाऊन यावं, औरंगपुऱ्यात फिरून यावं, स्वतःचं बीपी-शुगर तपासून घ्यावं. बापालाही अशी सुटी हवी असते, तो बोलून दाखवत नाही एवढंच. नवरा-बायकोने कधीतरी दोघांनी मिळून बाहेर जावं, हॉस्पिटलव्यतिरिक्त कुठेही.

भिंतीवर एक कागद लावा. मुलाचं वजन, औषधांची नावं आणि वेळा, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा फोन आणि मूल कशाने शांत होतं: कोणतं गाणं, कोणती चादर, कुणाचा आवाज. हा शेवटचा मुद्दा नवख्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आईच्या मनात एक टोचणी राहते, लेकराला सोडून गेले म्हणून. मुलाला आणखी दोन माणसांची सवय लागणं हे त्याच्याही भल्याचं आहे. उद्या आईच तापाने पडली तर? हा प्रश्न तिला विचारा, ती तयार होईल.

बाहेरची सोयही तपासा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास आहे. त्याच्या 'समर्थ' योजनेत अल्पकालीन निवासाची आणि 'विकास' योजनेत दिवसभराच्या सांभाळाची कल्पना आहे. 'निरामय' हा त्यांचा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. जवळची नोंदणीकृत संस्था कोणती, ते समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण कार्यालयात विचारा. आणि फारच थकवा आला असेल, तर बालरोग विभागात औषधं नीट बसवण्यासाठी दोन-तीन दिवस भरती करून घेता येईल का, असं डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

रोजच्या देखभालीतल्या काही गोष्टी थोडक्यात. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. वारंवार आकडी येणाऱ्या मुलांसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि भिंतीवरच्या कागदाजवळ ठेवा. धाप लागत असेल तर उशा लावून अर्धवट बसवा आणि चेहऱ्यावर पंखा सोडा. त्याने खरंच आराम पडतो. ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज गेल्यावरची सोय आधी करा. आपल्या शहरात नळाला दररोज पाणी येत नाही, साठवलेलं पाणी अशा मुलांना उकळून गार करूनच द्या. हलता न येणाऱ्या मुलाची कूस दर दोन तासांनी बदला. भरवताना आडवं ठेवू नका.

आजार फार पुढे गेला, की भूक मरते. त्या वेळी जबरदस्तीने घास कोंबू नका. शरीर अन्न घेत नसतं, आणि घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. चमचाभर आवडीचं, ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ ठेवणं पुरेसं आहे. "माझ्या हातून उपाशी राहिलं" हा सल आईने बाळगू नये, कारण ते खरं नाही.

लेकराशी काय बोलायचं, हे सगळ्यात अवघड. मोठी माणसं दाराआड कुजबुजतात आणि मूल सगळं ओळखून असतं. आई रडेल म्हणून ते विचारत नाही. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या पालकांना संशोधकांनी विचारलं होतं, मुलाशी मृत्यूविषयी बोललात का? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 147 पालक बोलले होते आणि त्यातल्या एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या 258 पालकांपैकी 27 टक्क्यांना मात्र बोलायला हवं होतं असं वाटत होतं. स्वीडनचं घर आणि आपलं घर वेगळं, हे मान्य. पण मुलाने "मी बरा होणार ना?" असं विचारलं, तर "हो रे, होशील" म्हणून विषय बंद करण्याआधी "तुला काय वाटतं?" एवढं तरी विचारून बघा आणि मग ऐका. त्याला बहुधा आपण एकटे पडणार नाही ना, दुखणार नाही ना, याची काळजी असते. त्याचं उत्तर तुम्ही खरेपणाने देऊ शकता.

धाकट्या-थोरल्या भावंडांना विसरू नका. लहान मुलांना आपल्याच रागामुळे किंवा भांडणामुळे ताई आजारी पडली असं वाटू शकतं. त्यांना स्पष्ट सांगा, की हा आजार कुणाच्या चुकीने झालेला नाही. मृत्यूला "झोपला" म्हणू नका, लहान मुलं मग झोपायला घाबरतात.

कागदपत्रांचं काम घरातल्या दुसऱ्या माणसावर सोपवा, आईवर नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया येतात, म्हणून यूडीआयडी कार्ड काढा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. आई राज्य सरकारच्या नोकरीत असेल तर 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. कॅन्सर आणि थॅलेसेमियाच्या मुलांना व सोबतच्या माणसाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. मुंबईत राहायचं झाल्यास कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड, शिवाय परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. शाळेतून नाव काढू नका. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा हक्क आहे आणि शिकणारं मूल स्वतःला फक्त रुग्ण समजत नाही.

शेवट जवळ आला असेल, तर तो कुठे व्हावा हे घरात आधी बोलून ठेवा. घरीच ठेवायचं ठरलं, तर फॅमिली डॉक्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधीच फाइल दाखवा, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायला ते अडणार नाहीत. नोंद 21 दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करायची असते. नंतरच्या महिन्यांत आईला झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर टेली मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

राहिले नातेवाईक आणि शेजारी. बघायला म्हणून येऊन अर्धा तास बसू नका, "अजून कुठे दाखवलं नाही का?" असं विचारू नका, मूल गेल्यावर "दुसरं होईल" असं तर चुकूनही म्हणू नका. पोळी-भाजीचा डबा न्या, धाकट्याला शाळेत सोडा, घाटीच्या रांगेत उभे राहा. महिला मंडळं, गणेश मंडळं, निवृत्त परिचारिका यांनी आपल्या वॉर्डातली अशी घरं शोधून पाळ्या लावायला हव्यात. त्यासाठी इमारत लागत नाही. "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघू नका, त्यावर कुणी काही मागत नसतं. "रविवारी तीन ते सात मी बसते, तुम्ही झोपा" असं सांगा, आणि रविवारी तीनला जा.